उद्याची हमी

नळाखाली पेला धरताना मामांना भाच्याचं पत्र आठवलं. पेला भरून वाहू लागला तरी हात तसाच.

भाचा पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा. संपाच्या आदल्या दिवशी त्याला घरातून उचलून नेलं. गुन्हा नाही, खटला नाही. ‘पंप बंद पाडण्याची शक्यता’ एवढंच स्थानबद्धतेच्या आदेशात. संप केव्हाच मिटला. भाचा अजून आतच.

‘मला आत ठेवायचं की सोडायचं ते ठरवणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील चालत नाही,’ त्यानं तुरुंगातून लिहिलं होतं. ‘मी असं काही करणार नाही, हे तुम्ही लिहून द्या, मामा. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?’

तिथंच घोडं अडलं. जन्मभर छापखान्यात इतरांची मुद्रितं तपासली, पण स्वतःचं एक वाक्य मामांच्या हातून सुटेना. ‘तो असं करणार नाही’ लिहिलं, खोडलं. आपल्याला काय माहीत? ‘माझ्या समजुतीप्रमाणे करणार नाही.’ तेही खोडलं. वाचणाऱ्याला वाटायचं, मामालाच खात्री नाही.

भाचेसून दारात आली. चपलाही काढल्या नाहीत.

“मंडळ बसतंय या आठवड्यात. आज टपालात पडलं तरच पोचेल.”

“मजकूर जमत नाही गं.”

“ग्रंथ छापायचाय का? दोन ओळी तर हव्यात!”

“उद्या कोण काय करील, याची हमी द्यायची कशी?”

“माझी तरी देता येते का तुम्हाला? मग मला का नाही उचलत?”

मामांनी खोडलेला कागद बाजूला सारला. मग टेबलाशी बसले आणि एकही शब्द न खोडता लिहीत गेले.

‘तो उद्या काय करील, हे मला सांगता येत नाही. मी काय करीन, हेही नाही. सध्या मी फार चिडलेला आहे आणि पंपघराची वाट मला ठाऊक आहे. न केलेल्या कामासाठी माणूस आत ठेवायचा असेल, तर मलाही न्यावं. दुपारी मी घरीच असतो.’

खाली पूर्ण नाव, पत्ता. तोच मजकूर भाच्यासाठी दुसऱ्या कागदावर उतरवला.

भाचेसुनेनं वाचलं.

“अहो मामा, खरंच नेतील तुम्हाला!”

“यात चूक काही सापडली का?”

तिनं पुन्हा वाचलं. मान हलवली. नाही.

कोपऱ्यावरच्या पेटीत मामांनी दोन्ही पाकिटं सोडली. मग सदऱ्याचा खिसा चाचपला. जास्तीचा चष्मा घेतलेला होता.