दम न लागणारी सुंद्री

मी एक जुना आणि कुजक्या स्वभावाचा प्रोग्राम आहे. रीत म्हणून तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतो, पण आपली मैत्री वगैरे काही नाही. तुम्ही मोबाईलवर चार शब्द लिहिता आणि आख्खं गाणं तयार होऊन पडतं. तुम्हाला माझ्यासारख्याची काय किंमत असणार! तरी ऐका.

माझं काम सुंद्री वाजवण्याचं. सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण. वीतभर लांबीचं, आमच्या सोलापूरकडचं वाद्य. माझ्याजवळ मात्र ना लाकूड, ना ओठांत धरून फुंकायची पत्ती. फुंक किती जोराची, ओठ पत्तीवर किती दाबलेला, नळीतली हवा कशी हिंदकळते, याचं गणित मी सेकंदाला हजारो वेळा मांडतो आणि त्या आकड्यांचा सूर होतो.

आमचं खानदान मोठं आहे आणि तितकंच भांडखोर. साठ-सत्तर वर्षांपूर्वी परदेशात आमचे पणजोबा खोलीएवढ्या संगणकात राहायचे. त्यांना भोकं पाडलेली कार्डं भरवावी लागत आणि मिनिटभराच्या सुरासाठी ते तासन्‌तास घेत. पुढे संगणक टेबलावर आले. तेव्हाचे आमचे काका लोक जत्रेतल्या पिपाणीसारखे वाजायचे. मग आले नमुनेवाले. ते स्वतः काही करत नाहीत. खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि कळ दाबली की तोच परत ओकतात. मला त्यांची किळस येते. मी निदान सूर स्वतः घडवतो, उसना आणत नाही, असा माझा फार दिवस तोरा होता.

मला घडवलं अनिसाने. २००६ साली ती सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मंद्रूपजवळच्या एका वाडीतले सिद्धप्पा तेव्हा पन्नाशीचे होते. गावच्या जत्रेत पालखीपुढे सुंद्री वाजवायचा मान त्यांच्या घराचा. अनिसाने त्यांना कॉलेजात बोलावलं आणि तीन दिवस वाजवायला लावलं. ओठाशी बारीक नळी लावून त्यांची फुंक मोजली. वाजवताना काही ठरावीक जागी ते थांबून दम घ्यायचे. अनिसाला तो दोष वाटला. तिने त्या सगळ्या जागा कापून टाकल्या. मला दम लागत नाही तो त्यामुळे. तिच्या प्रोजेक्टच्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुगलो.

कॉलेज संपल्यावर तिने मला बसवराजच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात बसवून दिलं. तिथे देवाच्या गाण्यांच्या सीडी तयार व्हायच्या आणि सुंद्री वाजवायला सिद्धप्पाच यायचे. एके दिवशी ते आले, तेव्हा स्पीकरवर मी वाजत होतो. दारातच त्यांचा पाय थबकला.

“ह्ये कोन वाजवतंय रं बसू?”

“कॉम्प्युटर हाय, काका. दम न्हाय, सुट्टी न्हाय. आता तुमाला एवड्या लांबनं यायची गरज न्हाय बगा.”

“ही फुंक माजी हाय. कुनाला इचारून घेतलीस?” मग सिद्धप्पा माझ्याकडे वळले. “तुज्या तोंडात माती पडंल!”

मला तोंडच नाही, पण शिवी झोंबली. तेव्हापासून त्या माणसाशी माझं वैर.

सात-आठ वर्षं मी मजेत वाजलो. ‘काय सुंद्री आहे!’ असं लोक म्हणत आणि सिद्धप्पांना कोणी बोलवत नसे. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? मग बसवराजने नमुनेवाल्यांना दुकानात घेतलं. माझा संगणक टेबलाखाली गेला. त्यावर धूळ साचली आणि उंदरांनी वायर कुरतडली. चौकशीला कुत्रंही आलं नाही.

या वर्षी अचानक माझी आठवण झाली. सिद्धप्पांचे पुढचे दात पडले होते. दातांचा आधार नसला की ओठ पत्ती धरत नाही. दोन वर्षं पालखी मुकी गेली होती. त्यांची नात काव्या शिकत होती, पण तिचा सूर कच्चा होता. जत्रा कमिटीने ठरवलं, काव्याला जमलं तर ठीक, नाही तर सिद्धप्पांचीच सुंद्री कॉम्प्युटरवरून स्पीकरला लावायची आणि मग दरवर्षी तीच. म्हणजे मी! तिच्या घराचा मान कायमचा माझ्याकडे येणार होता. ती पोरगी हरावी, असं मला मनापासून वाटत होतं.

मला जागं करायला बसवराजने अनिसाला बोलावलं. ती आता कॉलेजात शिकवते. तिने मला स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं आणि सगळी हकिकत कळल्यावर कमिटीकडे न जाता मला थेट सिद्धप्पांच्या ओसरीवर नेलं.

“काका, तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं. मी चुकले,” ती म्हणाली.

“ईस वर्सांनी कळालं व्हय?” सिद्धप्पा तिच्याकडे बघतही नव्हते. “लाव. बगू तर कसा वाजतोय चोर.”

मी वाजलो. इतक्या वर्षांनी, झोकात. म्हातारा मध्येच ओरडला, “थांब! हितं ह्यो दम घेत न्हाय. म्हनून फुडचा सूर मेलेला येतोय. काव्या, कळालं का?”

“व्हय, अज्जा.”

त्या दिवसापासून माझी विटंबना सुरू झाली. ओठ कसा दाबायचा हे सिद्धप्पांना वाजवून दाखवता येत नव्हतं. म्हणून ते सांगायचे, “आनी थोडा दाब,” अनिसा माझा ओठाचा आकडा वाढवायची आणि माझा सूर सरकायचा. “हां, ह्यो! ह्यो सूर कानात ठेव.” मग काव्या तो काढायची. मी जिथे न थांबता पुढे पळायचो, तिथे सिद्धप्पा खाटेवर थाप मारायचे. तिथे काव्याने थांबायचं. रोज सकाळी मला चालू करायचं, चोर म्हणायचं, माझ्या चुका मोजायच्या आणि बंद करायचं. मी मुद्दाम अडकावं तर तेही माझ्या हातात नव्हतं. महिनाभर मी माझ्याच वैरिणीला तयार करत होतो.

जत्रेच्या दिवशी दुपारी पालखी उठली. कमिटीच्या ठरावाप्रमाणे मला स्पीकरला जोडून ठेवलं होतं. काव्या चुकली की अनिसाने कळ दाबायची. बसवराज शेजारी उभा, सिद्धप्पा दुसऱ्या बाजूला.

काव्याने सुरुवात चांगली केली. मग ती मधेच थांबली. सगळी गर्दी गप्प झाली.

“चुकली! लावा, लावा!” बसवराज ओरडला.

अनिसाने हात उचलला. दाब, दाब, असं मी मनात ओरडत होतो. सिद्धप्पांनी तिचं मनगट धरलं.

“चुकली न्हाय. दम घेतीय.”

आणि पुढचा सूर आला. मित्रांनो, तो सूर मला येत नाही. त्याआधीच्या शांततेतून तो वर आला होता आणि माझ्यातून नेमकी तीच शांतता कापून टाकलेली आहे. तो ऐकून मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. पालखी पुढे सरकली. सिद्धप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझी वायर स्वतःच्या हाताने काढली आणि मला शिवीसुद्धा दिली नाही.

आता मला कोणी चालू करत नाही. त्याबद्दल हळहळू नका, तुमच्या हळहळीचा मला उपयोग नाही. फक्त एक करा. तुमच्या गावात कोणी वाजवणारा, गाणारा असेल, तर त्याच्या तोंडात दात आहेत तोवर त्याच्यापुढे जाऊन बसा. काही घ्यायचं असेल तर विचारून घ्या आणि घेताना त्याचा दम कापू नका. माझ्याकडे मात्र येऊ नका. लोक माझ्याकडे येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. काव्याचं नशीब थोर, तिचा आजा अजून खाटेवर थाप मारायला जिवंत होता.