पडवीतली चूल

या, असे जवळ सरकून बसा. पाट आहे, नाही मिळाला तरी जमीन सारवलेली आहे. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात, ऐकणाऱ्याचं मन हळूहळू तयार करतात आणि मगच कथेला हात घालतात. मला तेवढा धीर नाही. मी कथाच सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. आमच्या वाडीतली जानकीवयनी आहे, आणि एक वाक्य आहे. ते वाक्य तोंडातून काढायला तिला जवळजवळ वर्ष लागलं.

वालावलच्या पलीकडे खाडीच्या कडेने चालत राहिलं की आमची वाडी लागते. तिथे धुऱ्यांचं मूळघर आहे, चार खोल्या आणि एक पडवी. जानकीवयनी त्या घरात एकटी राहते. नवरा बाबू चिरेखाणीवर चिरे काढायचा. छातीत धूळ बसली आणि चार वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. ती माडाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधते आणि बाजारात विकते. गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून खराटेही कमी होतात. गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर रिकामा झाला तो झालाच. ती चुलीवर पेज शिजवते. ती पेज रेशनच्या तांदळाची. पिवळं कार्ड होतं आणि निराधाराची पेन्शनही होती, म्हणून दोन वेळचं भागायचं.

धाकटा दीर गुरुदास मुंबईला कंपनीत आहे. वयनी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याच्या डोक्याला तेल तिनेच लावलं. आता त्याची स्वतःची गाडी आहे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गणपतीला तो बायकोमुलांसकट येतो आणि पाच दिवस घर भरून जातं.

आणि या घराची एक रीत आहे. गणपती बसला की घरात एकच चूल पेटायची. भाऊ कुठेही असोत, कितीही दूर राहोत, देवाला नैवेद्य एका चुलीवरचा. सासूने मरताना वयनीला तेवढंच सांगितलं होतं, "चूल फोडू नको गो."

गेल्या वर्षीच्या गणपतीत, तिसऱ्या दिवशी, सर्वेश सर मोबाइल घेऊन दारात आले. शाळेतले मास्तर, घाटावरून बदली होऊन आलेले. सरकारच्या यादीसाठी घरोघरची माहिती भरायची होती आणि मुदत संपत आली होती. वयनी भाताच्या टोपाशी उभी, आत आरती चाललेली, समोरच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, गुरुदासची गाडी.

"काकी, एकच प्रश्न," सर म्हणाले. "या घरात चूल एकच की वेगवेगळ्या?"

समोर गणपती बसलेला. वयनीने पदर सावरला आणि ऊर भरून सांगितलं, "एकच! आमची चूल कधी येगळी जावक नाय, जावची पण नाय."

"शाब्बास वयनी!" गुरुदास आतून ओरडला.

सरांनी मोबाइलवर बोट टेकवलं, खळ्याचा फोटो काढला. "आता मोदक खाल्ल्याशिवाय जावंक देवचंय नाय," वयनी म्हणाली. सरांनी दोन मोदक खाल्ले. सगळे आनंदात होते. कोणी खोटं बोललं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत वयनी पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात गेली. दुकानदार दत्तप्रसादाने मशीनवर तिचं बोट लावलं, मग पुसून पुन्हा लावलं.

"वयनी, तुझा नाव नाय हयसर."

"अरे नीट बघ. बोटाक चीक लागलो असतलो."

"बोट बरां आसा. नावच काढल्यानी. कुटुंबात चारचाकी आसा म्हणतत."

"माझ्याकडे? माझ्याकडे चार पाय असतले ते बकरीचे," वयनी म्हणाली, आणि दुकानातली माणसं हसली. तीही हसली. रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि घरी आली. पुढच्या महिन्यात पेन्शनही आली नाही.

मग कचेरीच्या फेऱ्या. सकाळची एसटी, दुपारपर्यंत बाकावर, संध्याकाळची एसटी. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा टेबल बदललेलं. तिथे शेवटी नीरजा मॅडम भेटल्या. त्यांच्या पुढ्यात फायलींचा ढीग, पण त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आजी, तुम्ही दिरासोबत एकाच कुटुंबात आहात अशी नोंद आहे. तुम्हीच सांगितलंय तसं."

"देवासमोर दुसरा काय सांगतलंय, बाय?"

"आता दुरुस्ती करायची तर पंचनामा लागेल. तलाठी घरी येतील. पंचांसमोर तुम्ही सांगायचं, 'माझी चूल वेगळी आहे, मी दिरापासून विभक्त राहते.' खाली सही. आणि दोन चुलींचे फोटो."

वयनी टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिली. मॅडमना वाटलं तिला कळलं नाही, म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा सांगितलं. वयनीला पहिल्या वेळीच कळलं होतं.

तिने गुरुदासला फोन लावला. "वयनी, चूल येगळी म्हणजे वाटणी गो," तो म्हणाला. "लोक काय म्हणतीत? आवशीक तू शब्द दिलंस. तुका काय होया ता माका सांग ना, मी धाडतंय." आणि त्याने धाडलंही: एक ब्लँकेट, बायकोच्या, सारिकाच्या, जुन्या साड्या, बिस्किटांचा पुडा. तांदूळ मागायचं वयनीच्या जिभेवर आलं नाही. ज्याला आपण भरवलं त्याच्याकडे मागायचं कसं, ते तिला येत नव्हतं.

चैत्र गेला, वैशाख गेला. ती दोन वेळांऐवजी एकदाच पेज शिजवू लागली. गंगाराम गुरव शेजारी राहतो, देवीची पूजा त्याच्याकडे. त्याच्या लक्षात आलं की वयनीच्या घरावरचा धूर संध्याकाळी दिसत नाही. त्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"मग कौल लावया," गंगाराम म्हणाला. "माणसांक विचारून दमलंस, आता देवीक विचार."

देवळात त्याने पाषाणाला ओले तांदूळ लावले, उजवा दाणा पडला तर होय, डावा पडला तर नको, आणि वयनीच्या वतीने विचारलं: बाईने चूल वेगळी आहे म्हणून सांगावं की सांगू नये? वयनी हात जोडून उभी होती. मागाहून तिने मला खरं सांगितलं. ती मनात म्हणत होती, डावा पडो, म्हणजे माझी सुटका होईल. बराच वेळ दाणा हललाच नाही. मग उजव्या बाजूचा पडला.

"सांग म्हणता देवी," गंगाराम म्हणाला.

"देवीक कळता तरी काय, मी काय बोलतलंय ता?" असं म्हणून ती पायरीवर बसली ती उठेचना.

तलाठी दोनदा तारीख देऊन आले नाहीत. श्रावणात आले. आदल्या दिवशी वयनीने पडवीत तीन चिऱ्याचे तुकडे मांडून दुसरी चूल घातली. आतली चूल देवाची, म्हणून दिराच्या नावाने सोडली. बाहेरची तीन दगडांची आपली. पंच म्हणून गंगाराम आणि मी होतो. तलाठ्यांनी कागद काढला, आणि वयनीने कचेरीत शिकलेलं वाक्य कचेरीच्या भाषेत म्हटलं, शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसं:

"माझी चूल वेगळी आहे. मी दिरापासून विभक्त राहते."

सही केली. तलाठी गेल्यावर ती न्हाणीत गेली आणि उशिरापर्यंत चूळ भरत राहिली.

गणपतीच्या आठ दिवस आधी ती कचेरीत गेली. नीरजा मॅडमनी कागद पाहिले. "सगळं बरोबर आहे, आजी. तुम्ही पात्र आहात. पण तालुक्याला जेवढी नावं ठरवून दिलीत तेवढी भरलीत. यादीतलं कोणी कमी झालं की तुमचा नंबर लागेल."

"कमी म्हणजे?"

"म्हणजे... कोणी वारलं, नाहीतर गाव सोडून गेलं."

वयनीने थोडा विचार केला. "नको गो बाय. माझ्या भातासाठी कोण मरूक नको." मॅडमनी मान खाली घातली आणि दुसरी फाइल उघडली. त्यांच्या हातात तरी काय होतं?

गणपती आले, गुरुदासची गाडी आली. सारिका चहा करायला आत गेली तर चूल थंड, आणि वयनी पडवीत तीन दगडांपुढे बसून फुंकर मारत होती.

"वयनी, ह्या काय?"

"तुमची चूल आत आसा. लाकडां ठेवलंय, नारळ सोललंय. नैवेद्य तू कर गो यंदा."

"आणि तुम्ही?"

"माझी चूल ही."

गुरुदास धावत आला. सगळं ऐकून तो आधी रागावला, मग त्याचा आवाज उतरला. "वयनी, तुझा नाव यादीत इला?"

"नाय."

"मग झाला तर! कागद फुकट गेलो. काढ ते दगड आणि चल आत."

"नाव इला नाय म्हणान मी बोललंय ता खोटा ठरता काय रे?" वयनी शांतपणे म्हणाली. "देवीक विचारून बोललंय. सही केलंय. आता गणपतीपुढे जावन एकच चूल म्हणू? देवाक दोन तोंडांनी बोलूचा नाय."

"शेजारी म्हणतीत दिरान वयनीक पडवीत काढल्यान!" सारिका रडकुंडीला आली.

"म्हणांदेत. माका आत घेणारी तू कोण नि भायर काढणारी तू कोण," वयनी हसून म्हणाली. "जा, तुझो भात करपता."

पाच दिवस असेच गेले. वयनीने मखराला फुलं केली, भांडी घासली, आरतीला टाळ वाजवले; स्वयंपाकघरात मात्र पाय टाकला नाही आणि तिथला घासही खाल्ला नाही. गुरुदास दुपारी ताट घेऊन पडवीत बसायचा, पण अर्धं ताट तसंच आत परत न्यायचा. "येगळी चूल म्हणान मी पण सही करतंय, सायबाक भेटतंय," तो रोज म्हणायचा. कचेरीला सुट्टी होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी निघायचं होतं, रजा तेवढीच होती.

विसर्जनाआधी गंगारामने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवापुढे सगळ्या घरासाठी मोठ्याने मागणं मागतात आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. गंगारामने सवयीने सुरुवात केली, "बा देवा, ह्या एका चुलीर जेवणाऱ्या तुझ्या लेकरांक..." आणि थांबला. त्याच्या ध्यानात आलं. पुढचं वाक्य त्याला सुचेना. गुरुदास जमिनीकडे बघत होता.

पडवीतून वयनीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा! म्होरा बोल रे गंगाराम. लेकरांक सुखी ठेव म्हण. गाडीयेक रस्तो बरो मिळांदे म्हण."

गंगाराम बोलला. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मूर्ती उचलली.

आज कार्तिक लागलाय. तिचं नाव यादीत आलेलं नाही. तिला स्वतःसाठी कोणाकडे मागता येत नाही, देवाकडेसुद्धा. म्हणून तुम्हाला सांगतो. घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, आपल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा त्यांच्यात एक नाव वाढवा. जानकी बाबू धुरी. तेवढं विसरू नका.