चष्मा तयार आहे

पोलीस स्टेशनात जिन्याखालची खोली माझी. बाहेर पाटी 'पीडित साहाय्य कक्ष', आत तीन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. मारहाणीची तक्रार देऊन बाई घरी परत गेली (बहुतेक जणी जातातच) की तिसऱ्या दिवशी मी तिला फोन करते. पोलीस म्हणून नाही, चष्म्याच्या दुकानातून. "ताई, चष्मा तयार आहे." ती "येते" म्हणाली तर ठीक. "आज जमणार नाही" म्हणाली तर माणसं पाठवायची. युक्ती माझीच, सहा वर्षं चाललेली, त्यामुळे मला तिचा जरा तोराही होता.

त्या दिवशी बेकरीत काम करणाऱ्या बाईला फोन लावला. नवऱ्याने दारात तिचा हात चेंगरला होता. चार बोटांना पट्टी असूनही सही तिने स्वतः केली होती. सकाळचे अकरा वाजलेले, या वेळी तो कामावर असतो म्हणून तिनेच सांगितलेलं. फोन पुरुषाने उचलला.

"चष्मा तयार आहे," मी सवयीने म्हणून गेले.

"कोणाचा? माझी बायको चष्मा लावत नाही."

खूण समजावताना मी तिच्या बोटांकडे बघत बसले होते, डोळ्यांकडे पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मागून एका म्हातारीचा आवाज आला. "अरे, माझा असेल. मीच हिचा नंबर दिला होता."

"तू कधी टाकलास करायला?"

"दोरा बांधून किती दिवस घालू?"

"दुकान कुठे आहे?" त्याने मला विचारलं.

"बाजाराच्या टोकाला," मी म्हणाले. फोन बंद झाला.

शिपाई बाई दारातच उभी होती. "जीप पाठवू?"

"जीप दिसली की तो आतून कडी लावेल."

मग साध्या कपड्यातला एक जण गल्लीच्या तोंडाशी धाडला. मी येरझाऱ्या घालू लागले. खोली चार पावलांची, त्यात दोन पावलं टेबलाची. रजिस्टर उघडलं, मिटलं. अक्षरं लागेनात.

"माझा चष्मा कुठे गेला?"

"गळ्यात आहे," शिपाई बाई म्हणाली. "बसा हो ताई, फरशी झिजेल."

बसले आणि लगेच उठले. पाऊण तासाने तो साध्या कपड्यातला फोनवर म्हणाला, "दोघी निघाल्यात. म्हातारीने सुनेचा दंड धरलाय. मागे कोणी नाही."

त्या आल्या तेव्हा सुनेचा चेहरा पांढराफटक होता. सासू मात्र खोली न्याहाळत होती.

"आजी, तुम्हाला खूण कोणी सांगितली?"

"हिनेच, परवा. आज तो रजा टाकून घरी बसला. हिला सोडत नव्हता. म्हटलं, मला एकटीला रस्ता दिसत नाही, ही हवीच."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. एक काच तडकलेली, दांडीला काळा दोरा.

"कसा फुटला?" मी विचारलं.

तिने दोऱ्याची गाठ चाचपली. "मुलगा आहे माझा," म्हणाली. "आधी हिचं लिही."

बाहेर जिन्यावर जड पावलं वाजली. सून ताडकन उभी राहिली. शिपाई बाईने डोकावून पाहिलं. "आपलेच साहेब आहेत," म्हणाली, तरी दार लावून घेऊन बाहेरच उभी राहिली. तासाभरात हिचा नवरा दुकान शोधायला निघणार, हे आम्हा चौघींनाही कळत होतं.

मी निवारागृहाला फोन लावला.

"खाटा किती?" पलीकडून विचारलं.

मी म्हातारीकडे पाहिलं. ती माझ्याकडे नाही, सुनेच्या पट्टीकडे बघत होती.

"दोन सांग," ती म्हणाली. "आणि चष्म्याचं खरंच बघ बाई. सही कुठे करायची ते दिसायला हवं."