आमोरे

कणकेच्या हातानंच ऊर्मिलानं फोन उचलला आणि कान आणि खांद्यामध्ये धरला.

"आमोरे?" पलीकडून बाईचा आवाज आला. ऊर्मिला "हॅलो" म्हणाली, तसा फोन ठेवला गेला.

जेवताना तिनं नवऱ्यापुढे विषय काढलाच.

"तुमच्या त्या सिल्वानाबाई होत्या. नुसतं मोरे म्हणायला काय होतं हो तिला? आमोरे, आमोरे, हे काय?"

नागेश मोरे आमटीत पोळी बुडवत होता. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात तो इंजिनियर, आणि सिल्वाना त्याच्याच विभागातली इटालियन.

"अगं, ते लोक हाक मारताना आधी आ लावतात," तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "आपण अहो मोरे म्हणतो ना, तसं."

ऊर्मिलाला ते पटलं. वर त्या बाईची कीवच आली. मागे एकदा पार्किंगमध्ये तिला पाहिलं होतं. गाडीत ऊर्मिला बसलीय हे तिच्या गावीही नव्हतं. लालभडक ओठ, उंच टाचांचे बूट, आणि लांबूनच नागेशला हाक, आमोरे! चार भाषा येतात म्हणे बयेला, आणि दोन अक्षरी आडनाव धड घेता येत नाही. डोंबलाच्या चार भाषा!

एकूणच या मुलखातल्या हाका तिला फालतू वाटायच्या. शेजारचा जर्मन चारचौघांत बायकोला माऊस म्हणायचा. उंदीर! आणि बाई खूश. आपल्या घरात अहो आणि अगं, एवढ्यावर संसार चालला होता आणि उत्तम चालला होता, असं तिचं ठाम मत होतं.

शनिवारी ती बाजारातून येताना आइस्क्रीमच्या दुकानात शिरली. इटलीनं जर्मनीला फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये हरवल्याला आठवडाही झाला नव्हता. दुकानाच्या म्हाताऱ्या इटालियन मालकानं दारावर भलामोठा झेंडा लावला होता. ऊर्मिलानं पिस्ता मागितला. पिस्ता संपत आला होता. म्हाताऱ्यानं आत तोंड करून हाक दिली.

"आमोरे!"

आतून त्याची म्हातारी पिस्त्याचा डबा घेऊन आली.

ऊर्मिलाला हसूच फुटलं. आपल्या मोडक्या जर्मनमध्ये तिनं विचारलं, तुमचं आडनावपण मोरे? आमचंही तेच. म्हातारीला आधी काही कळेना. कळल्यावर ती एवढी हसली, की तिला काउंटरला धरावं लागलं. आडनाव कसलं, ती म्हणाली, आमोरे म्हणजे प्रेम. माझ्या प्रिये, माझ्या राजा, असं. लग्न झाल्यापासून हा मला तेच म्हणतो, नाव घेतो ते फक्त भांडताना.

ऊर्मिलाही हसली. हसावंच लागलं. पैसे ठेवून ती बाहेर पडली आणि आइस्क्रीम मात्र तिथंच राहिलं.

रस्ताभर तिला स्वतःचीच शिसारी येत होती. अहो मोरेसारखं, म्हणे. आपलंच अहो वापरलं मेल्यानं. आणि आपण त्या बाईची कीव करत पोळ्या लाटत बसलो.

घरी आली तेव्हा नागेश बाथरूममध्ये दाढी करत होता. दार लोटलेलं होतं, नळ चालू होता. चपला न काढताच ती दाराशी गेली. तिनं आवाज बारीक केला, फोनवर ऐकला होता तसा.

"आमोरे?"

"सी, आमोरे," आतून लगेच ओ आली. इतका मऊ आवाज या घरात तिनं कधी ऐकला नव्हता.

मग नळ बंद झाला. ऊर्मिलानं पिशवी खाली ठेवली.

"मोरे," ती म्हणाली, "बाहेर ये."