निळ्या खोळीतला पंप

सुताराला शहाणपण कोण शिकवणार? तीस वर्षं भुसा छातीत भरून घेतला, दमा जडला, पण हेका सुटला नाही. दम्याचा पंप हवा तो निळ्या प्लास्टिकच्या खोळीतला, मोठ्या कंपनीचाच. आणि तो महाग म्हणून दोन फवाऱ्यांच्या जागी एकच घेऊन धापा टाकायचा.

मग तेच औषध दुसऱ्या कंपनीनं स्वस्तात काढलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी सुतार म्हणाला, "स्वस्तातली फळी वाकतेच."

बायको खुर्च्यांच्या गाद्या शिवायची, त्याच्याच कारखान्यात, कोपऱ्यात. तीही काही कमी नव्हती. तिनं नव्या पंपातली औषधाची डबी काढून जुन्या निळ्या खोळीत दाबून बसवली. नवी पांढरी खोळ शिवणाच्या डब्यात दडवली. नवऱ्याच्या भल्यासाठी मारलेली थाप, तिचं कसलं पाप!

पण आता दोन-दोन फवारे घेऊनही त्याची घरघर वाढत चालली. औषधच खोटं निघालं की काय? तिचा जीव टांगणीला लागला. सांगावं तर हा पुन्हा हात लावणार नाही, न सांगावं तर...

तिसऱ्या दिवशी दुपारी रंधा मारता मारता तो मटकन खाली बसला. ओठ काळेनिळे. पंप दाबला, तर औषध फुस्स करून डबीच्या बुडाशीच गळालं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवा पंप देताना औषधवाला बजावत होता, डबी तिच्याच खोळीत ठेवा म्हणून. तेव्हा हिनं नुसती मान डोलावली होती.

तिनं शिवणाचा डबा उपडा केला. डबी पांढऱ्या खोळीत बसवली, हलवली, त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं मान फिरवली.

"अहो, तीन दिवस हेच घेताय. फसवलं मी तुम्हाला. आधी घ्या, मग काय ते बोला."

त्यानं घेतला. जरा थांबून दुसरा. हळूहळू छातीचा भाता सावरला.

बऱ्याच वेळानं त्यानं निळी खोळ उचलली, आतल्या भोकावरून बोट फिरवलं.

"डबी सैल बसत होती यात," तो म्हणाला. "अगं, फसवायचंच होतं, तर निदान माप तरी मला विचारायचंस."

ती तिथंच भुशात बसली आणि अडवून धरलेलं रडू तिनं मोकळं सोडलं.