पोरोरने

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा दीनानाथ मांडीवर डॅनिश शब्दकोश घेऊन बसले होते. कोश शेजारच्या, मूळच्या डेन्मार्कच्या इंगाबाईंचा. लॉकडाउन लागल्यापासून रोज संध्याकाळी त्या कुंपणापलीकडून त्यांना एक शब्द फोडून सांगत. इंगाबाईंना मागेपुढे कोणी नव्हतं.

“त्या आता फार वेळ काढणार नाहीत,” नर्स म्हणाली. “फोनवर फक्त नातेवाइकांना बोलता येतं. तुम्ही त्यांचे कोण?”

शेजारी म्हणावं, तर इंगाबाई एकट्याच जाणार. नातेवाईक म्हणावं, तर ते खोटं.

मग दीनानाथांना इंगाबाईंनीच शिकवलेला एक शब्द आठवला. डॅनिशमध्ये जवळच्या नातेवाइकांना ‘पोरोरने’ म्हणतात. “‘पो’ म्हणजे वर आणि ‘रोरने’ म्हणजे हात लावणारे. कळलं का, मास्तर?” त्या म्हणाल्या होत्या.

सोमवारी त्या कुंपणापाशी कोसळल्या, तेव्हा सगळे नियम विसरून दीनानाथांनी त्यांचा हात धरला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नव्हता. नंतर मात्र साबणाने हात धूत ते कितीतरी वेळ स्वतःलाच दोष देत राहिले.

“मी नातेवाईक आहे,” ते म्हणाले.

नर्सने फोन इंगाबाईंच्या कानाशी धरला. दीनानाथांनी मांडीवरचा कोश उघडला आणि आजचा शब्द वाचायला घेतला.