लिरॉयचा निळा ट्रक

"नोरीन, तो डबा दे."

"कुठला?" मी मुद्दामच विचारलं.

"मारायचा," डेल्बर्ट म्हणाला आणि काउंटरवर हात पुसायचं फडकं टाकून उभा राहिला.

ब्रिकरच्या शोरूममध्ये मी सुट्या भागांच्या काउंटरवर असते. गाड्या चालत्या ठेवायच्या वस्तू विकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. फिल्टर, पट्टे, प्लग. आणि त्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त काय खपलं असेल, तर गाड्या मारायचं औषध!

झालं होतं असं, की मंदीनं आमच्या ओहायोतल्या गावाचे हात खिशातच गोठवले. कॅम्पर गाड्यांचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, कारखाना वसंतातच बंद पडला. बायका नवऱ्यांचे केस घरीच कापू लागल्या. ते रविवारी चर्चमध्ये टोप्या काढल्या की कळायचं. डायनरमध्ये चौघांत केकचा एकच तुकडा मागवायचे आणि चार काटे. नवी गाडी घेणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग सरकारनं योजना काढली: जुनी, पेट्रोल पिणारी गाडी आणा, नवी घ्या, किमतीतले काही हजार डॉलर आम्ही भरतो. अट एकच, जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. म्हणून इंजिनातलं तेल काढायचं, तो द्राव ओतायचा आणि इंजिन जाम होऊन कायमचं बंद पडेपर्यंत पळवायचं.

हे काम डेल्बर्ट फाउट्सकडे आलं. ज्या गाड्या त्यानंच जगवल्या होत्या, त्या त्यानंच मारायच्या. तक्रार केली नाही हो माणसानं. त्याला तक्रार करता येतच नाही, हीच तर माझी तक्रार.

त्या दिवशी मात्र डबा घेऊन तो हलेना.

"काय झालं?"

"बाहेर लिरॉयचा ट्रक आहे."

मी खिडकीतून पाहिलं. लिरॉय ॲमस्टट्झचा निळा ट्रक. शेत विकलं, बायको गेल्या शरदात वारली, पण तो ट्रक म्हाताऱ्यानं वेळच्या वेळी डेल्बर्टकडे आणायचा सोडला नव्हता. डेल्बर्ट त्याचं इंजिन कान लावून ऐकायचा आणि मान डोलवायचा.

"अरे देवा," मी म्हणाले. "तू तर तो टॅमरासाठी मागणार होतास..."

"हो."

मला ठाऊक होतं. डेल्बर्टची मुलगी टॅमरा कारखान्यात होती, तिची नोकरी गेली. टोलिडो शहराजवळच्या एका गोदामात रात्रपाळीचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. तिची गाडी महिन्यापूर्वीच बसली होती आणि तिकडे जायला बस नाही. स्वस्तातल्या जुन्या गाड्या म्हणाल, तर त्या सगळ्या आमच्याच मागच्या आवारात मरून पडलेल्या. काम गेलं तर ती पोरीला घेऊन दूर टेनेसीला नवऱ्याच्या बहिणीकडे जाणार होती. नात गेली की डेल्बर्टच्या घरात उरणार होता फक्त टीव्ही.

"लिरॉयला विचार म्हणून मी तुला कितीदा सांगितलं?"

"त्यांची बायको जाऊन वर्षही झालं नाही. कोणत्या तोंडानं सांगू, ट्रक द्या म्हणून?"

आमच्याकडे हे असंच. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर धावतील, पण स्वतःच्या घराला लागली तर बादली मागायची लाज!

तेवढ्यात लिरॉयच आत आला. हातात नव्या गाडीची किल्ली, लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडलेला.

"डेल्बर्ट, घेतली रे बाबा नवी गाडी!"

"अभिनंदन, लिरॉय. पण तुमचा ट्रक तर ठणठणीत होता."

"होताच. तूच ठेवलास तसा. खरं सांगू? मला कसली गरज होती? मी जातो कुठे, चर्चला आणि कब्रस्तानात." तो माझ्याकडे वळला. "पण हे टीव्हीवाले रोज सांगतात ना, आपण खर्च केला नाही तर माणसांची कामं जातील. तुमचा मालक हार्लन ब्रिकरही म्हणाला, गिऱ्हाईक नाही, माणसं कमी करावी लागतील. म्हटलं, डेल्बर्टचं काम तरी राहावं. इतकी वर्षं त्यानं माझं केलं."

डेल्बर्टनं फडकं उचललं आणि उगाचच हात पुसले. स्वच्छच होते.

"फार उपकार झाले, लिरॉय," तो म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं. सांग की त्याला, मूर्ख माणसा! पण म्हाताऱ्याचा चेहरा बायको गेल्यापासून पहिल्यांदाच फुलला होता. मीही त्याच्या नव्या किल्लीचं कौतुक केलं.

लिरॉय गेल्यावर डेल्बर्ट हार्लनच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं.

"हा एक सोडता येईल का? मी विकत घेतो."

हार्लन वाईट माणूस नाही. त्यानं कपाळ धरलं. "अरे, कालच सांगायचंस! कागद गेले सरकारकडे. आता तो मारला नाही तर पैसे मिळणार नाहीत, वर दंड. माझ्या हातात असतं तर आत्ता किल्ली दिली असती."

डेल्बर्टनं मान डोलवली. ट्रक आत घेतला, तेल काढलं. मधासारखं तेल, परवाच बदललेलं. मग डबा ओतला आणि किल्ली फिरवली.

बाकीच्या गाड्या लवकर मरायच्या. खोकायच्या, खडखडायच्या, संपायच्या. हा मरेना. इंजिन किंचाळत राहिलं, धूर भरला, पलीकडची पोरं काम टाकून बघायला आली. एकानं गंमत केली, "म्हातारा चिवट आहे!" डेल्बर्टनं त्याच्याकडे पाहिलं मात्र, पोरगा बाहेर निघून गेला. डेल्बर्टचा पाय पेडलवर होता आणि एक हात डॅशबोर्डवर, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. शेवटी एक झटका बसला आणि सगळं शांत झालं. मी काउंटरमागे रडत होते. कुणासाठी, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

सोमवार आला आणि गेला. जायला गाडीच नाही, म्हणून टॅमरानं ते काम सोडलं. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत ती पोरीला घेऊन टेनेसीला गेली.

योजनेतले पैसे संपले तसे गिऱ्हाईकही संपलं. ज्यांना पुढच्या वर्षी गाडी घ्यायची होती, त्यांनी याच वर्षी घेऊन टाकली. आणि गॅरेजात काम कुठून येणार? नव्या गाड्या बिघडत नाहीत, जुन्या आम्ही मारल्या. टीव्हीवर एक टाय लावलेला माणूस सांगत होता की मंदी संपली. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात हार्लननं डेल्बर्टला आत बोलावलं. दोघं बाहेर आले तेव्हा हार्लनचेच डोळे लाल होते.

"माझं काम गेलं, हे लिरॉयला सांगू नकोस," डेल्बर्ट मला म्हणाला. "निदान सणापर्यंत तरी नको."

"आणि सणानंतर? तेल बदलायला येईल तेव्हा काय सांगू?"

"सांग, सुट्टीवर आहे."

त्यानं हत्यारांची पेटी ढकलत बाहेर नेली. आभाळ भरून आलं होतं, बर्फ पडणार हे उघडच दिसत होतं. भंगारवाल्याकडे जागा नव्हती म्हणून मारलेल्या गाड्या अजून मागच्या आवारात रांगेनं उभ्या होत्या, निळा ट्रकही त्यांच्यातच. धूर जावा म्हणून त्या दिवशी उघडलेली त्याची काच तशीच खाली होती.

डेल्बर्टनं पेटी तिथेच सोडली आणि ट्रकपाशी गेला. दार उघडलं, सीटवरची पानं हातानं झाडली. मग हँडल फिरवत काच वर केली, अगदी गच्च, आणि दार हलकेच लावून घेतलं.